खारं झालेलं उंबराचं पाणी

सेराफिनाबायला ‘नाही’ म्हणणारा माणूस बोरिवलीच्या पश्चिमेला अजून जन्माला यायचाय, असं तिचा मुलगा डेरिक म्हणतो, आणि म्हणता म्हणता दोन पावलं मागे सरकतो. बाय सत्तरी ओलांडलेली, लुगडं नेसणारी, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसावं.

नात किम्बर्लीचं लग्न रविवारी होतं. मुंबईच्या मूळ ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन घरांत आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. गावठाणाची विहीर खाडीकाठी. पण ती आता नव्या टॉवरच्या कुंपणात गेली होती, आणि बुजवून तिथं गाड्या लावायचं ठरत होतं. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत यांनी डेरिकला बजावलं होतं, वरात आत आणायची नाही.

“बाय, हॉलच्या नळाचं घेऊ ना यार,” डेरिक म्हणाला. “कशाला राडा?”

“तुजा बाप्तिस्मा पन नळाखाली करायचा होता,” बाय म्हणाली. “आज आपुन गेलो नाय, तर उद्या बोलतील हितं विहीर कवा नव्हतीच.”

तिचं काही चुकत नव्हतं. टॉवरवाले खाडीला सरळ नाला म्हणतात. याच नाल्यानं तिला पोसलं होतं. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिनं दगडांवरची कालवं फोडली, तिवरांच्या मुळांतल्या चिंबोऱ्या धरल्या, म्हशींना तिवराचा पाला घातला. पावसाळ्यात खाडी अडवणाऱ्या बांधामागे भात पिकायचं, पाऊस संपला की बांधाच्या पलीकडे मिठागरं पांढरी व्हायची. बांधात एक लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणत. भरतीच्या लोटानं ती आपोआप मिटायची, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडून द्यायची. म्हणून तर खाडीच्या कुशीत राहूनही विहीर गोड होती.

शनिवारी दुपारी बँड निघाला. पुढे सेराफिना, मागे किम्बर्लीची गॉडमदर सिंथिया डोक्यावर रिकामी हंडी घेऊन, आणि शेवटी दोर खांद्यावर टाकून डेरिक. गेटवर श्यामकांत आडवे आले.

“आजी, ही खासगी जागा आहे.”

“असंल की. पानी घेते नि जाते. तुजी जागा खिशात घालून नेत नाय.” मग ती बँडकडे वळली, “ए, थांबलाव कशाला रे? वाजवा!”

बँडातला कॉर्नेट इतका खणखणीत वाजला की बाल्कन्या भरल्या. एवढ्या लोकांदेखत म्हाताऱ्या बाईला अडवायचं कसं? श्यामकांत बाजूला झाले.

बायनं स्वतः हंडीला दोर बांधून ती विहिरीत सोडली, भरून वर ओढली, ओंजळ तोंडाला लावली आणि तशीच थबकली. पाणी खारट होतं. टॉवरचा पाया घालताना बांध फोडला होता, उघाडी कुठल्या तरी भरावात गाडली गेली होती, आणि खाडी सरळ विहिरीच्या झऱ्यांत शिरली होती. बायला हे ठाऊक होतं, पण जिभेला ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी तिला भयंकर राग आला.

सिंथिया पुटपुटली, “खाऱ्या पान्यानं नवरीला न्हाणायचं? अपशकुन गं बाय.”

“तेच म्हणतोय मी,” श्यामकांत म्हणाले. “विहीर वाया गेलीये. ठेवून काय उपयोग?”

बायनं सगळ्यांच्या देखत दुसरी ओंजळ भरली आणि घटाघटा प्यायली. तोंड वाकडं झालं तरी तिनं ते पुसलं नाही.

“अपशकुन असंल तर बांध फोडला त्याला,” ती म्हणाली. “आमी या खाडीचं मीठ खाऊन वाढलो. आमची पोर याच पान्यानं न्हाईल. अंग चरचरलं तर चरचरू दे, लक्षात राहील तिला.”

सिंथियानं दोर सोडवून हंडी डोक्यावर घेतली. डेरिक दोर गुंडाळायला पुढे झाला, तर बायनं त्याच्या हातावर चापट मारली. दोराचं टोक तिनं रहाटाच्या खांबाला करकचून बांधलं आणि श्यामकांतांकडे वळली.

“हा हितंच राहील. पुढच्या साली माज्या नातवाचं, डेल्रॉयचं लगीन हाय. तवा गेट उघडं ठेव.”