ढोल सिरिल आणि हेरिंगची खाडी

सिरिल पाण्याला भ्यायचा, आणि त्याचं सगळं आयुष्य पाण्यावरच गेलं. अलास्काच्या बेटांवर जन्मलेल्या त्लिंगित जमातीच्या माणसाला दुसरा इलाज नसतो. होडीत चढताना तो आधी दोन्ही हातांनी काठ धरायचा, मग एक पाय टाकायचा आणि दुसऱ्या पायाचा बराच वेळ विचार करायचा. गाव त्याला 'ढोल' म्हणायचं.

हे नाव लहानपणी पडलं. वसंतात हेरिंग मासे अंडी घालायला खाडीत शिरले की सगळं गाव कुजबुजत बोलायचं. कुत्री बांधून ठेवत, पोरांना खडकांवर धावू देत नसत, वल्हं फळीवर आपटलं तरी म्हातारे डोळे वटारत. हेरिंग आवाजाला बिचकतो. अशाच एका सकाळी होडीजवळ देवमासा वर आला आणि भेदरलेल्या सिरिलने वल्ह्याने होडी बडवायला सुरुवात केली. मामाने वल्हं हिसकावून घेईपर्यंत तो बडवतच राहिला. देवमासा गेला, पण हेरिंगही गेले. पुढच्या वर्षी ते परत आले, नाव मात्र चिकटलं ते कायमचं.

पुढे बाहेरच्या समुद्रात मोठ्या जाळ्यांच्या बोटी वाढल्या. एका वसंतात खाडी रिकामी राहिली, आणि मग रिकामीच राहू लागली. सिरिलची सासू अग्राफेना म्हणायची, "हेरिंगला वाट कोण शिकवतं? म्हातारे मासे पुढे असतात, कोवळे त्यांच्या मागून जातात. म्हातारे जाळ्यात गेले, मग कोवळ्यांनी कुणाला विचारायचं?"

गेल्या हिवाळ्यात अग्राफेना वारली. शरदात तिच्या नावाने जेवण व्हायचं होतं. त्या जेवणात मेलेल्या माणसाच्या आवडीचं अन्न विस्तवात घालतात, म्हणजे ते त्याला पोचतं. तिने अंथरुणावरून एकच सांगून ठेवलं होतं, "मला हेरिंगची गाभोळी घाला. आपल्या खाडीची. दुसऱ्यांच्या खाडीची घातलीत तर मी तोंड फिरवीन."

तिची मुलगी व्हेस्टा, म्हणजे सिरिलची बायको, तेव्हापासून रोज खिडकीत उभी राहायची. मार्च सरता सरता एका सकाळी खाडीच्या तोंडाशी कुरव पक्ष्यांची झुंबड उडाली. मागोमाग समुद्रसिंहांची डोकी दिसली.

"हेरिंग आलेत," व्हेस्टा म्हणाली. "आजच फांद्या टाक. अँब्रोजला घेऊन जा."

"वारा आहे गं."

"वारा नाही, तुझ्या पोटातला गोळा आहे तो. आईला काय घालू मग? डबाबंद मटार?"

सिरिलने गुपचूप कोयता उचलला. हेमलॉकच्या झाडाच्या कोवळ्या, दाट फांद्या तोडल्या. हेरिंगची अंडी या पानांना गच्च चिकटतात. अँब्रोज हा व्हेस्टाचा धाकटा भाऊ. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून. त्याने सिरिलकडे पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, जॅकेटवर जॅकेट घातलंत की काय?"

"एकच आहे. आत स्वेटर आहे."

"बुडालात तरी थंडी वाजायची नाही म्हणा."

खाडीच्या तोंडापाशीच त्यांनी मशीन बंद केलं आणि वल्हवत आत शिरले. सिरिलला धास्ती होती. मासे घाबरून वळले तर? चुकीच्या जागी फांद्या पडल्या तर? सासू नेहमी ओढ्याच्या मुखापाशी, काळ्या खडकाखाली टाकायची. तिथे लाटा फुटत नाहीत, तळाला खडक आणि शेवाळ आहे. वाळूवरच्या गाभोळीला कचकच येते. सिरिलने खडक ओळखला, पण खात्री वाटेना. त्याने एक फांदी दगड बांधून अगदी खडकाला लागून सोडली, आणि बाकीच्या धीर होईना म्हणून थोड्या बाहेर पसरून.

शेवटची दोरी सोडताना होडीखाली सावली सरकली. ढगाची असेल म्हणून त्याने वर पाहिलं. आभाळात ढग नव्हता. खाली हजारो पाठी एकदम वळल्या आणि चांदीसारखं काहीतरी लखलखलं. हेरिंग!

आणि त्यांच्या मागे देवमासा.

आधी पाणी फुगलं, मग काळी पाठ होडीच्या शेजारी वर आली. वर येतच राहिली. सडक्या माशांच्या वासाची वाफ दोघांच्या तोंडावर फुटली. ॲल्युमिनियमची होडी एका अंगाला कलली. हा आता खालून आला तर होडी डबा चेपावा तशी चेपेल, एवढंच सिरिलला दिसत होतं.

अँब्रोजने वल्हं उचललं. "वाजवतो मी! वाजवलं की जातो तो!"

सिरिलने ते वल्हं दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा दाजी! मरू आपण!"

"हळू बोल," सिरिल म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "हळू बोल रे बाबा. पाया पडतो तुझ्या."

दोघे त्या वल्ह्याला लोंबकळून बसले. देवमाशाची शेपटी पाण्यावर उभी राहिली, तिच्यावरून पाणी निथळलं, आणि आवाज न करता ती आत गेली. कुठे गेली ते कळेना. खालून धक्का येईल म्हणून सिरिलने डोळे मिटून घेतले. धक्का आला नाही. खूप वेळाने खाडीच्या तोंडाबाहेर फवारा उडाला.

"दाजी," अँब्रोज कुजबुजला, "पँट ओली झाली."

"कुणाची?"

"विचारू नका."

त्यानंतर सिरिलला झोप नव्हती. एका दुपारी काळ्या खडकाजवळचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. नर माशांनी पाणी असं पांढरं केलं की माद्या तिथेच अंडी घालतात. पण पांढरा पट्टा लहानच होता, आणि भरती त्याला पुसत होती.

फांद्या ओढायला व्हेस्टा स्वतः आली. पहिली निघाली ती हिरवीगार, नुसती पानंच. दुसरीही तशीच. सिरिलने बायकोच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. मग खडकाला लागून सोडलेली दोरी त्याने ओढली. ती हलेना.

"अडकली," तो रडवेला होऊन म्हणाला.

"अडकली नाही, जड आहे ती," व्हेस्टा म्हणाली, आणि तिनेही हात लावला.

फांदी वर आली तेव्हा गाभोळीखाली तिचं एक पानही दिसत नव्हतं. व्हेस्टाने एक डहाळी मोडून तोंडात घातली. दाण्यांचा कुडुमकुडुम आवाज आला.

"वाळू नाही," ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले.

शरदातल्या जेवणाला सगळं गाव जमलं. अग्राफेनाचं नाव घेऊन व्हेस्टाने वसंतापासून गोठवून ठेवलेली गाभोळीची डहाळी विस्तवात ठेवली. ओलं लाकूड तापलं आणि फाडकन फुटलं. सिरिल बाकावरून उडालाच.

लोक हसले. अँब्रोज त्याच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "बसा दाजी. आता वाजलं तरी चालतंय."