ठमामायचा घास

मी फार शिकलेली नाही. तिसरीत होते तेव्हा आई बाळंतपणात गेली, पाठच्या भावंडांना सांभाळायला घरी बसले, ती परत शाळेत गेलेच नाही. त्यामुळे लिहिताना काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण रामरायानं मला जे दाखवलं ते सांगितलं नाही तर मी कृतघ्न ठरेन, असं फार दिवसांपासून मनात आहे.

माझं माहेर मेहकरकडचं. मालक वारल्यावर एका दूरच्या नातेवाइकानं मला हिंदी मुलखातल्या बालाघाटला आणलं आणि निराधार बायांच्या सरकारी घरात आयाची नोकरी लावून दिली. तिथे बहुतेक मंदबुद्धीच्या बाया होत्या. कुणी स्टेशनवर सापडलेली, कुणाला घरच्यांनीच आणून सोडलेली. ज्यांचं नाव-गाव माहीत नसे त्यांना रजिस्टरात नदीचं नाव मिळे. माझ्याकडे होती ती नर्मदा. वय अंदाजे साठ. केस पिकलेले, पाठ वाकलेली, आणि बोलणं म्हणजे दिवसाकाठी दोन-चार शब्द. मी तिला नुसतं बुढी म्हणे.

माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. परका मुलूख, हिंदी नीट येत नाही, नोकरी गेली तर जायचं कुठे, ही धास्ती सतत. बुढीला जेवायला तासभर लागायचा. भात मांडीवर सांडायचा, बडी बहनजींनी, म्हणजे तिथल्या मुख्य बाईंनी, पाहिलं तर मला बोलणी बसतील असं वाटायचं. म्हणून मी चमच्यानं भरवायला लागले. मग आंघोळही मीच घाले, लुगडंही मीच नेसवी, केसही मीच विंचरी. सगळे म्हणत, काय सेवा करते ही बाई! मलाही बरं वाटे. दोन वर्षांत तिचे हात मांडीवर जे आले ते तिथेच राहिले. म्हातारपण, दुसरं काय, असं मी समजत होते.

चीनच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात बहनजींनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "अगले हफ्ते डाक्टर साहब आ रहे हैं. जो अपने हाथ से खा नहीं सकती, उसे यहाँ नहीं रख सकते. नर्मदा को भेजना पड़ेगा."

कुठे, हे विचारायची गरज नव्हती. लांबच्या शहरात वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं. आमच्याकडून तिकडे गेलेली एकही बाई परत आलेली मी पाहिली नव्हती. बुढी वेडी नव्हती. तिची समज लहान लेकरासारखी होती आणि आता ती म्हातारी झाली होती, एवढंच. रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी सुट्टी मागितली आणि रामपायलीच्या देवळातल्या रामाला नवस बोलायला निघाले. बुढीला मागे ठेवलं तर तिला भरवणार कोण? म्हणून तिलाही मोटारीत बसवलं.

रामापुढे मी डोकं टेकलं आणि खूप रडले. देवा, हिला राहू दे, नारळ फोडीन, पाच शनिवार करीन, जे सुचेल ते बोलत गेले. बुढी खांबाला टेकून बसली होती. मूर्तीकडे तिचं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी एका शेतकरी घराकडून नव्या तांदळाचं जेवण होतं. मंडपात आमच्यासारखंच बोलणाऱ्या दहा-बारा बाया सुपं घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांच्या घरची रीतच तशी, की दर्शनाला आलेल्या बाईनं सूपभर तरी तांदूळ पाखडून द्यायचा, मग ती कुणी का असेना. मी बुढीला घेऊन कडेला बसले. एवढ्यात हिरव्या लुगड्याची, पुढचे दात पडलेली एक म्हातारी आली आणि तिनं बुढीच्या मांडीवर सूपच ठेवलं.

"काहून बसली वं नुसती? घे, पाखड."

मी घाईनं म्हटलं, "तिले काही समजत नाही बाई. मी करतो तिच्या वाटचं."

"आमच्या बुढ्यालेई चाळीस वर्सांपासून काही समजत नाही," ती म्हणाली. बाया खो-खो हसल्या. "पन काम सांगतलं का करते. तू नको मंधात बोलू. तुयं नाव काय वं माय?"

मी सांगणार होते, नर्मदा. माझ्या आधी बुढी बोलली.

"ठमी."

सहा वर्षं मी तिच्याजवळ होते. तिला तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

"ठमाबाई, हात चालव," ती म्हातारी म्हणाली आणि पुढे गेली. मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. ठमामायनं सुपाच्या दोन्ही कडा धरल्या. थोडा वेळ नुसत्या धरून ठेवल्या. मग मनगटं हलली. एक झटका, दोन झटके, आणि कोंडा उडून पुढे पडला. तिनं सूप तिरपं करून घोळलं, कणी एका बाजूला आली, तांदूळ एका बाजूला. कुठल्या तरी घरात, कुण्या आईनं हे तिला शिकवलं असणार. त्या घराला लेक होती, त्या लेकीला नाव होतं.

पंगत बसली तेव्हा मी सवयीनं तिच्या ताटातला घास उचलला. मागून तीच म्हातारी ओरडली, "अवं, तू जवान हायेस ना? उठ, वाढाले लाग! मानसं उपाशी बसले!" मला नाही म्हणता येईना. वरणाची बादली घेऊन मी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेले, पण जीव सगळा मागे. वळून पाहिलं तर ठमामाय आपल्या हातानं जेवत होती. हळूहळू, अर्धा भात खाली. त्याकडे कुणी पाहतही नव्हतं.

निघताना त्या म्हातारीच्या पाया पडावं म्हणून खूप शोधलं. हिरवं लुगडं, दात पडलेले, असं सांगितलं तर त्या घरच्या बाया म्हणाल्या, आमच्यातली नाही, आली असंन दर्शनाले कोनी. मी त्याचा जास्त विचार केला नाही. कुणीही असो, पाठवणारा माहीत आहे.

परत आल्यावर बहनजींपुढे उभी राहिले. सांगितलं, तिचे हात म्हातारपणानं गेले नाहीत, मी नेले. बहनजी म्हणाल्या, "आठ दिन में क्या होगा? कर के देखो."

मी आठ दिवस तिला रसोईत नेऊन पुढे सूप ठेवलं आणि ती जेवताना माझे हात पदरात गुंडाळून बसले. कधी ती जेवली, कधी तशीच बसून राहिली.

डाक्टरसाहेब आले त्या दिवशी ती तशीच बसून राहिली. पुढे ताट, समोर परका माणूस खुर्चीवर. भात निवत चालला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. माझा हात आपोआप पुढे जायला लागला. मला कळलं की मी तिथे असेपर्यंत ती माझ्याच हाताची वाट पाहणार. मी उठले आणि बाहेर अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. देवाला काय मागायचं तेही सुचेना. एवढंच म्हटलं, आता तू बघ.

किती वेळ गेला माहीत नाही. बहनजी दारात आल्या. "खा रही है. सारा चावल गिरा रही है."

आतून साहेबांचा आवाज आला, "गिराने दीजिए."

ती राहिली. साहेबांनी विचारल्यावर तिनं नाव सांगितलं, आणि रजिस्टरात नर्मदा खोडून ठमाबाई लिहिलं गेलं. जमिनीवर सांडलेला भात मी वेचायला बसले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी खरकटं काढलं नाही.

पुढे ती सात वर्षं जगली. शेवटच्या पावसाळ्यात तिचे हात खरोखरच थांबले, तेव्हा मी पुन्हा भरवू लागले. पण आता घास हातात घेऊन आधी विचारायची, "ठमामाय, भरवू का वं?" आणि थांबायची. देवापुढे आपण सगळं बोलून झाल्यावर गप्प होतो ना, तशी. ती हौ म्हणाली तर भरवायची. मान फिरवली तर ताट झाकून तिच्याजवळ नुसती बसायची.