ज्यांची बस आहे ते आधी

नणंद-भावजयीचं पटत नाही असं म्हणतात. आमचं पटलं, त्याचं साधं कारण म्हणजे वहिनी घरात फारशी नसायचीच. ती सरकारी रुग्णालयात मेट्रन होती, माझा दादा बस कंडक्टर, आणि मी घरी बसून शाळेचे गणवेश शिवणारी. त्यामुळे घरात भांडायला आम्ही दोघं बहीण-भाऊच उरायचो, आणि ते काम मन लावून करायचो. वहिनी ड्यूटीवरून आली की चपला काढता काढता आमच्याकडे एक नजर टाकायची आणि विचारायची, “आज कोण जिंकलं?”

पुरानंतर तिच्याबद्दल लोक बरंच काही बोलले. तिचा फोटो छापून आला, सत्कार ठरला, ती गेली नाही. मी काही तिचे गोडवे गायला बसलेली नाही. तिच्या हातची आमटी मी वीस वर्षं खाल्ली आहे, त्यामुळे तिला देवी वगैरे म्हणणं मला जमणार नाही. पण तिला जवळून पाहिलेलं माणूस मीच उरले आहे.

वहिनी बुटकी होती आणि आवाज तिच्या उंचीला न शोभणारा. रुग्णालयात तिला पाठीमागे ‘भोंगा’ म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. गॅसवर दूध ठेवून ती विसरायची, स्वतःचा वाढदिवस विसरायची, पण एकदा आलेला पेशंट कुठल्या गल्लीत राहतो, घरी जिना आहे का, औषध द्यायला कोण आहे, हे कधी विसरली नाही. डॉक्टर आजार बघतात, आपण माणूस घरी कसं पोचणार ते बघायचं, असं ती नव्या नर्सना सांगायची.

निवृत्त व्हायच्या आतच दादाची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, तेही वहिनीच्याच रुग्णालयात. आमचं घर रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला लागून. भिंतीतल्या लहान दारातून गेलं की समोर डायलिसिसची खोली. तिथे तीन मशिनं होती आणि पेशंट बरेच, त्यातले निम्मे लांबच्या गावांतून येणारे. आधी पहिला नंबर कुणाचा यावरून रोज सकाळी भांडणं व्हायची. दादाला ती बघवेनात. जन्मभर दारात उभं राहून लोकांना आत घेतलेला माणूस तो. त्यानं एक दिवस उभं राहून जाहीर केलं, “ज्यांची बस आहे ते आधी. ज्यांचं घर जवळ, ते शेवटी.” कुठल्या गावाला शेवटची गाडी किती वाजता, हे त्याला तोंडपाठ. तो बसल्या जागेवरून क्रम लावायचा आणि सगळे मुकाट ऐकायचे. वहिनीलाही तो नियम पटला. भांडणं मिटली. दादा स्वतः सगळ्यांच्या शेवटी, कारण त्याचं घर सगळ्यांत जवळ. मेट्रनच्या नवऱ्यानं रांगेत शेवटी बसावं याचं लोकांना कौतुक वाटायचं आणि दादाला ते कौतुक आवडायचं. आवडायचं तर आवडायचं, त्यात खोटं काय सांगायचं?

पुढे हा नियम इतका अंगवळणी पडला की तो का केला होता हेही कुणाला आठवेनासं झालं.

त्या वर्षी वरचं धरण भरलं आणि नदीनं शहराचा खालचा अर्धा भाग गिळला. पाणी चढायच्या आदल्या दिवशीच वहिनीला त्याची चाहूल लागली होती. मोठे डॉक्टर सुटीवर पलीकडच्या शहरात अडकलेले, इथे दोन तरुण डॉक्टर आणि मोजक्या नर्स. वहिनीनं कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. डायलिसिसच्या सगळ्या पेशंटना फोन करकरून रुग्णालयात बोलावून घेतलं. रस्ते बुडाल्यावर आणायला जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, असं तिचं म्हणणं. रुग्णालय उंचावर होतं. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात गाद्या घालून तिनं सगळ्यांना झोपवलं. आमचं घर मागच्या उतारावर, तिथे गुडघाभर पाणी आलं तशी मी आणि दादाही तिथेच गेलो.

खाली बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमधली बाकं तिनं भिंतीला लावून घेतली आणि फरशीवर खडूनं अख्खं शहर काढलं. चित्रकलेत ती दिव्यच होती, नदी तर जिन्यापर्यंत गेली होती, पण आम्हाला कळत होतं. वस्त्या चौकोनांनी दाखवलेल्या. त्या चौकोनांत औषधाच्या बाटल्यांची टोपणं ठेवायची. लाल टोपण म्हणजे दिवस भरलेली बाई, निळं म्हणजे इन्सुलिनवाला, पांढरं म्हणजे जुलाब-ताप. वस्त्यांमधल्या आरोग्यसेविका गच्चीवरून फोन करायच्या, वहिनी फोन कानाला धरून ओरडायची आणि मी ओणवी होऊन टोपणं सरकवायची. होड्या कमी होत्या. तिनं होडीवाल्यांना बजावलं होतं की एकही होडी रिकामी फिरता कामा नये. औषध देऊन येताना आजारी माणूस आणायचा, माणूस सोडून येताना पिण्याचं पाणी न्यायचं. एक मोठे अधिकारी रेनकोट घालून पाहणीला आले आणि बोलता बोलता नकाशावर चढले. वहिनीनं फोन न सोडता त्यांना सांगितलं, “साहेब, तुम्ही बाजारपेठेत उभे आहात. पाय उचला.” साहेबांनी उचलला.

लोक म्हणतात वहिनीमुळे शहर वाचलं. शहर वाचवणं वगैरे मला कळत नाही. मात्र त्या हॉलमध्ये एकाही फोनला ‘बघू’ असं उत्तर मिळालं नाही, एवढं मी सांगू शकते.

सगळीकडे पाणीच पाणी आणि रुग्णालयाच्या नळाला थेंब नाही, अशी गत झाली होती. शहराला पाणी पुरवणारे पंपच बुडाले होते. डायलिसिसच्या मशिनला पाणी फार लागतं, तेही गाळून अगदी शुद्ध केलेलं. गच्चीवरच्या टाकीत जे होतं तेवढंच. डॉक्टरांनी ठरवलं की एकच मशिन चालवायचं आणि प्रत्येकाला निम्माच वेळ द्यायचा. जनरेटर सुरू झाला तसा मशिन चालवणारा टेक्निशियन वहिनीकडे विचारायला आला की क्रम कसा लावू. तिच्या एका कानाला फोन होता, दुसऱ्या हातात दुसरा. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या वस्तीत एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. वहिनीनं त्याच्याकडे न बघताच सांगितलं, “नेहमीचाच.”

तो गेला आणि त्यानं नेहमीचाच लावला.

मी दादाला चहा द्यायला वर गेले तेव्हा तो गादीवर बसून लांबच्या गावांचे पेशंट एकामागून एक आत जाताना बघत होता. त्याला चहा म्हणजे दोनच घोट. डायलिसिसच्या माणसाला पाणी बेतानंच प्यावं लागतं. त्याचं मागचं डायलिसिस होऊन बरेच दिवस झाले होते, पाय सुजले होते. आतून त्या वेळी पिठाची गिरणी चालवणारा एक पेशंट बाहेर आला. त्याचंही गाव लांबचं. तेवढ्यात वहिनी वर आली, दादाच्या पायावर बोट दाबून तिनं सूज पाहिली आणि म्हणाली, आता तीनच माणसं, मग तुमचा नंबर. दादा हसला. म्हणाला, “मेट्रनबाई, आज शेवटची बस किती वाजता आहे?”

वहिनी म्हणाली, “तुमचं आपलं काहीतरीच.” खालून कुणीतरी भोंगा भोंगा म्हणून हाक मारत होतं, गडबडीत त्यांना मेट्रन म्हणायचंही भान नव्हतं. ती हसतच खाली गेली. मीही हसले. कंडक्टरला बसच आठवणार, असं मला वाटलं.

दादाच्या आधीचा माणूस मशिनवर असताना टाकीचा तळ लागला. खालचा गाळ आला आणि पाणी शुद्ध करणारं यंत्र तुंबलं. त्या माणसाचं कसंबसं उरकलं. टेकडीच्या बाजूनं टँकर निघाला होता, पण वाटेत दरड पडली होती आणि तो पलीकडे अडकला होता. वहिनीनं मग जंग जंग पछाडलं. टँकरवाल्याला फोन, दरड काढणाऱ्यांना फोन, सैन्याच्या तळाला फोन. दादाला होडीनं पलीकडच्या रुग्णालयात न्यायचं ठरवलं, तर मोठी होडी तिनंच त्या बाळंतिणीसाठी पाठवली होती, आणि ती परत बोलावणं तिच्या तोंडून निघेना. मी तिला म्हटलं, बोलाव. ती म्हणाली, “ताई, ती बाई छतावर आहे.” मला तेव्हा तिचा इतका राग आला की मी तिच्याकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दादाला धाप लागली. छातीत पाणी भरत होतं. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. वहिनी त्याच्या पाठीला उशा लावून त्याला बसता करत होती, आणि मधेच खाली जाऊन फोन घेत होती, आणि परत येत होती. दुपारी तो गेला. ती त्या वेळी त्याच्याजवळ होती, एवढं देवानं पाहिलं. तिनं त्याचे डोळे मिटले, चादर नीट केली, आणि मग जमिनीवर बसून अशी रडली की व्हरांड्यातली सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून बसली. टँकर संध्याकाळी आला. छतावरच्या बाईला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. वहिनीनं खाली जाऊन त्या चौकोनातलं लाल टोपण स्वतःच्या हातानं उचललं.

पूर ओसरला. घरातला चिखल काढला, माझं शिलाई मशिन गंजून गेलं होतं ते दुरुस्त करून आणलं. वहिनी कामावर जात होती. मी तिच्याशी बोलत होते, पण जेवढ्यास तेवढं. होडीची गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. खरं तर चूक त्या होडीची नव्हतीच, हे मला गिरणीवाल्यामुळे कळलं.

तो एका सकाळी आमच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. पिठाची पिशवी आणली होती, ती त्यानं उंबऱ्याशी ठेवली. वहिनी चहा टाकायला वळली तसा तो बोलायला लागला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाला, “सिस्टर, माझं डायलिसिस पुराच्या आदल्याच दिवशी झालं होतं. मला थांबता आलं असतं. दादांचा नंबर आधी हवा होता. मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही बोललो नाही. रोजच्यासारखं नाव पुकारलं, मी उठून गेलो.”

वहिनी चहा घेऊन आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिनं त्याला चहा प्यायला लावलं, त्याच्या पायांवरची सूज पाहिली, पुढच्या वेळी लवकर ये म्हणून सांगितलं. तो गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या पाटावर बसली. मी उभीच होते. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. सगळे पेशंट रुग्णालयातच झोपत होते. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. रस्त्यांवरून होड्या चालत होत्या. त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात एकही बस नव्हती, आणि आम्ही बस असलेल्यांना आधी घेत होतो.

शहरभरच्या टोपणांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी बाई, आणि दिव्याखाली हा अंधार. कुठल्याही वस्तीतून फोन आला असता तर तिनं पहिला प्रश्न हाच केला असता की मागचं डायलिसिस कधी झालं. इथे विचारलं नाही, कारण इथलं सगळं सुरळीत चाललेलं होतं.

दूध उतू गेलं, गॅस विझला. मी तो बंद केला. माझा तिच्यावरचा राग त्या क्षणी कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. ती म्हणाली, “ताई, हे बसचं बोलले होते ना. ते गमतीत बोलले, की मला सांगत होते?”

मी म्हटलं, “गमतीत, वहिनी. दादा कधी सरळ बोललाय का?”

तिनं मान हलवली. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. आता डायलिसिसच्या खोलीत शिरताना प्रत्येकाला आधी विचारतात की मागची वेळ कधी होती. वहिनी निवृत्त झाली, तरी ते चालू आहे. आमटी अजूनही ती अळणीच करते आणि मी अजूनही कुरकुर करत खाते. आता घरात कोण जिंकलं हे विचारायला कुणी येत नाही.

मी तिला दिलेलं उत्तर खरं होतं की खोटं, ते मला माहीत नाही. ती जिना उतरून गेली तेव्हा दादा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला होता, एवढं मी पाहिलं होतं. नियम त्याचा होता. बस नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आणि ज्या नियमाचं एवढं कौतुक झालं, तो मोडा असं स्वतःसाठी म्हणायला त्याची जीभ रेटली नसेल. की खरंच गंमत केली असेल? वहिनी झोपली की मी मशिनवर बसते, आणि टाके घालता घालता त्याच्याशी भांडते, पूर्वीसारखीच. जन्मभर बसमध्ये ओरडलास ना रे दादा. मग त्या दिवशी एकदा सरळ बोलायला काय तिकीट लागत होतं?