घासलेला डबा

बालाघाटच्या तेजराम भोंडेकरांना लढाईतल्या वस्तू जमवायचा नाद होता. उकव्याच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर ते सायकलीने गावोगाव जात आणि फौजी घरांतून जुने पट्टे, टोप, पाण्याच्या बाटल्या मागून आणत. १९६७ च्या सव्वीस जानेवारीला त्यांनी वॉर्डातल्या शाळेत या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. खैरलांजीच्या मैनाबाईंनी त्यासाठी मुलाचा जेवणाचा फौजी डबा दिला होता; त्यात चुलीवर रांधताही येई. मुलगा पासष्टच्या लढाईत मारला गेला आणि त्याच्या पेटीतून हा डबा घरी आला.

तेजरामांच्या घरी न घासलेलं भांडं पाहुण्यांपुढे ठेवायची रीत नव्हती. त्यांनी आदल्या दिवशी स्वतः बसून डबा राखेने लख्ख घासला.

मैनाबाई सकाळच्या बसने आल्या.

"भाऊ, माह्या पोराचा डबा कुठी हाये?"

"हा काय बाई, समोरच तं हाये."

त्यांनी डबा उचलून उलटा केला. "याची काजळी कुठी गेली?"

"लय काळा झालता. घासला मी."

"तिकडच्या चुलीची होती ते. त्यानं शेवटी भात रांधला, त्याची. म्या त्याले पाणीबी लागू देल्लं नाही."

तेजरामांनी हात जोडले. "चुकलं माहं. घेऊन जा तुमचा डबा."

"आता नेऊन काय करू? असा तं बजारातबी भेटते."

त्या निघून गेल्या. तेवढ्यात एक मास्तर टेबलाशी आले. "वाह कक्काजी, क्या चमकाया है!"

तेजरामांनी डबा उचलून पिशवीत घातला. "ये दिखाने का नहीं है," ते खाली मान घालून म्हणाले.