सुखी माळणीची गोष्ट

गोष्टीतला गरीब माणूस चटणी-भाकरीवर तृप्त होऊन हसायला लागला, की मी पुस्तक मिटून ठेवते. मला शिसारी येते. श्रीमंत गादीवर तळमळतो आणि झोपडीतला सुखानं घोरतो, असं लिहिणाऱ्यानं एकदा पावसाळ्यात आमच्या झोपडीत निजून दाखवावं.

आमचा मळा अकोल्याला, मोर्णेच्या काठी. वडील भाजी पिकवत, आई फुलं विकत असे. मी मराठी चौथी पहिल्या नंबरानं पास झाले होते. पुढं शिकायचं तर अमरावतीला मुलींची शाळा होती, राहण्याच्या सोयीची. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या एका मालकांच्या देवघरात रोज आईचीच फुलं जात. त्यांनी माझा सगळा खर्च उचलायचं कबूल केलं होतं, आणि आई येईल-जाईल त्याला ते सांगत सुटली होती.

त्या उन्हाळ्यात एक मास्तर मळ्यात येऊन बसू लागले. ते गोष्टी लिहीत. आईनं दिलेली कांदा-भाकर खात आणि आम्हाला न्याहाळत. एक दिवस त्यांनी विचारलं, "बाई, दिवसभर फुलं गुंफता, पण तुमच्या केसांत एकही फूल दिसत नाही. असं का?"

आई म्हणाली, "मले काय आवडत नाही, मास्तर? पन विकाची फुलं डोक्यात घातली तं विकू काय?"

आम्हा फुलं विकणाऱ्यांत तशी रीतच होती. टोपलीतलं फूल आपण माळायचं नाही.

मास्तरांनी याची गोष्ट केली आणि वाचनालयाच्या समारंभात वाचली. अध्यक्ष होते तेच जिनिंगचे मालक. हार आईनं केलेले, म्हणून आम्ही दोघी दाराशी बसलो होतो. गोष्टीतली माळीण सगळी फुलं देवाला वाहते, स्वतःसाठी पाकळीही ठेवत नाही. कुणी सोन्याच्या पाटल्या देऊ केल्या तर हात जोडून परत करते. मळ्याबाहेरचं जग तिला नकोच असतं. माझी आई सराफाच्या दुकानासमोरून जाताना पाटल्या बघत हटकून थांबायची. पण ते मास्तरांनी कधी विचारलंच नव्हतं. सभेतले लोक डोळे पुसत होते. पोटं भरलेली, बोटांत अंगठ्या, आणि आमच्या निरिच्छपणावर रडताहेत. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

समारंभ संपल्यावर मालक आईजवळ आले. "बाई, आमी तुमचं नुकसानच करून राहिलो होतो. तुमी सुखी मानसं. पोरीले तिकडं धाडलं असतं तं तिले नाही नाही ते हव्यास लागले असते. राहू द्या तिले तुमच्यापाशीच."

चारचौघांत, एवढ्या कौतुकानं बोलणाऱ्या माणसापुढं आईला तोंड उघडायला जागाच उरली नाही.

सकाळी मास्तर पेढे घेऊन मळ्यात आले, गोष्ट गाजली म्हणून. आईनं पेढ्याला हात लावला नाही.

"मास्तर, तुमची पोरगी कोठी शिकून राहिली?"

"अमरावतीला," ते म्हणाले.

"मंग तिले काहून दुखात लोटलं? आना ना तिले वापस."

मास्तर पेढे बांधावर ठेवून निघून गेले. शाळा उघडल्या त्या दिवशी मी पहाटे आईबरोबर मोगरा तोडायला गेले, आणि मग रोजच जाऊ लागले.