रुसून निघालेला मामा

मोटारसायकलवर अख्खा मराठवाडा पालथा घालायला निघालो होतो. टेंभुर्णीच्या पुढं फाट्यावर एका धोतरवाल्या म्हाताऱ्यानं हात केला आणि गाडी नीट थांबायच्या आतच मागं बसला.

"नवरीचा मामा हाय मी. मांडवात समद्यांना फेटे बांधले, मलाच इसरले. आलो उठून! आता परत जाणार न्हाई, बिलकुल न्हाई."

"मग कुठं सोडू, मामा?"

"चला हो पुढं. पण हळू. जल्दी काय हाय?"

हात पुढं घालून त्यानं माझा एक आरसा स्वतःकडं वळवून घेतला. दुसऱ्या आरशात नुसता मोकळा रस्ता. आम्ही इतके हळू चाललो होतो की एका गाभण शेळीनं आम्हाला मागं टाकलं आणि वळून आमची कीवही केली. म्हातारा मात्र आरशातच बघत राहिला.

"कुनीच यीना झालं हो," तो शेवटी पुटपुटला.

तेवढ्यात आरशात धूळ उठली. बाइकवर एक घामाघूम गृहस्थ गुलाबी फेटा फडकवत ओरडत होता, "मामा, चुकलं आमचं! थांबा!"

"दाजी! नवरीचा बाप सोता आला!" म्हातारा खुलला. मी ब्रेक दाबला, तशी पाठीत ढुसणी बसली.

"थांबता काय? पळवा! मामाला काही इज्जत हाय का न्हाई?"

मी गाडी पळवली. तो लगेच कानाशी वाकला.

"पाव्हणं, त्यांना गाठता यील इतकीच पळवा."