आईची मराठी गेली तेव्हा

रिक्षा आमच्या गल्लीत शिरत नव्हती, म्हणून अप्पांनी मोठी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्ही तिघं सोलापूरच्या भवानी पेठेच्या कोपऱ्यापर्यंत चालत निघालो. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू होते. आई काय म्हणतेय ते मला दोनदा विचारावं लागलं. कडक भाकऱ्यांची पिशवी माझ्या हातात कोंबत ती म्हणाली, "रोज कायतरी लिहून पाठव गं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी रडणार. लिहिलेलं बरं."

नवऱ्याला आयर्लंडमध्ये, डब्लिनला नोकरी लागली होती आणि मी त्याच्याकडं निघाले होते. या गोष्टीला सात वर्षं झाली.

आईचं वाचन यथातथाच होतं. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातली, चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. मराठी ती लग्नानंतर शिकली, बोलायला आधी आणि वाचायला फार उशिरा. लांबलचक पत्र तिला झेपलं नसतं, म्हणून मी चार-सहा ओळी लिहायचे. तिकडचा पहिला हिवाळा फार वाईट गेला. चार वाजताच अंधार पडायचा, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून आईला लिहायचे:

आज पाऊल जड वाटलं तर हळू चाल,
पण चाल.

ती कविता आहे हे मला माहीत नव्हतं. आईला काळजी वाटू नये, एवढाच हेतू होता. आईनं मात्र ती तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती कुठं कुठं गेली. पुढं मी फेसबुकवर पेज काढलं. करकंबच्या एका शिक्षिकेनं कळवलं, की माझ्या ओळी त्या परिपाठात मुलांकडून म्हणून घेतात. नापास झालेला कुणी पुन्हा परीक्षेला बसला. ऑफिसात मी विम्याची कागदपत्रं तपासायचे आणि जेवणाच्या सुट्टीत 'ताई, तुमच्यामुळे उभी राहिले' असे मेसेज वाचायचे. खरं सांगते, मला ते आवडायचं. सोलापूर सोडल्याचं थोडं समर्थन त्यात सापडायचं.

गेल्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला.

मी पोचले तेव्हा ती दवाखान्यातून घरी आली होती. उजवा हात लुळा पडला होता, पण तिनं मला ओळखलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागली, भराभर, सगळं कन्नडमध्ये. मला वाटलं, गोंधळली असेल. मी मराठीत विचारलं, "आई, दुखतंय का?" ती नुसती बघत राहिली. डॉक्टरांनी समजावलं, असं कधी कधी होतं, मागून शिकलेली भाषा जाते आणि लहानपणची राहते. परत येईल का? ते म्हणाले, "सांगता येत नाही."

मला कन्नड येत नव्हतं. मी लहान असताना अप्पांनीच आईला बजावलं होतं, पोरीशी मराठीतच बोलायचं, शाळेत मागं पडायला नको. आईनं ते इतकं पाळलं, की माझ्या वाट्याला कन्नडचे पाच-सहा शब्दच आले, तेही पाणी आणि मिठाचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या उशाशी बसून तिला आवडणाऱ्या माझ्या ओळी वाचल्या. सावकाश, एकेक शब्द सोडवत वाचल्या. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग अप्पांकडं वळून हळूच काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"काय न्हाय."

"अप्पा, सांगा की."

अप्पा चादरीची घडी घालत राहिले. "म्हणती, माजी पोर माज्याशी परक्यावानी का बोलती?" मग घडी पायथ्याशी ठेवून म्हणाले, "चूक माजी हाय. तुजी न्हाय, तिचीबी न्हाय."

अकरा दिवसांत मला परतावं लागलं. या वेळी निरोप द्यायला आई दारात नव्हती. खोलीतून तिनं दिलेली हाक कळली, पुढचं वाक्य कळलं नाही.

त्यानंतर मला लिहिता येईना. पेजवर लोक विचारत होते, कुणी चिडतही होतं. एका बाईंनी लिहिलं, की त्यांचे यजमान दवाखान्यात आहेत आणि माझ्या ओळी त्या रोज त्यांना वाचून दाखवतात. मी त्यांना उत्तर लिहायला बसले आणि तीनदा खोडलं. शेवटी एवढंच लिहिलं, 'त्यांना कळत नसेल तरी वाचत राहा.' हे खरं आहे का, मला माहीत नाही.

धारवाडच्या एक निवृत्त शिक्षिका मला आता आठवड्यातून दोनदा ऑनलाइन कन्नड शिकवतात. त्यांचं कन्नड पुस्तकी आहे, आईचं सीमेवरचं. शिकलेली निम्मी वाक्यं घरी चालत नाहीत. एकदा मी तीन ओळी कन्नडमध्ये जुळवून व्हिडिओ कॉलवर वाचल्या. आई हसली. माझ्या उच्चारांना हसली, असं अप्पा म्हणाले. तरी हसली.

तुमच्यापैकी जे आपापलं गाव सोडून गेले, त्यांना हे पटेल. घर जसंच्या तसं थांबून राहील, असं आपण धरून चालतो. भवानी पेठेतलं ते घर अजून तिथंच आहे, मागही चालू असतात. पण आता तिथं बोलायला माझ्याकडं जेमतेम तीस वाक्यं आहेत, आणि ज्या शब्दांनी अनोळखी माणसं उभी राहिली, ते तिथं कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

परवा आई फोनच्या अगदी जवळ आली. अर्धा चेहराच दिसत होता. तिनं विचारलं, "यावाग बर्ती?"

कधी येतेस? अप्पांना न विचारता कळलेलं हे तिचं पहिलं वाक्य. रजा मंजूर झालेली नव्हती. आकडे, वार, महिने, सगळं कन्नडमध्ये पाठ होतं, पण सांगायला तारीखच नव्हती.

"सांग की," पलीकडून अप्पा म्हणाले. "तुज्याकडंच बघायली ती."